बुनचॉंगची पांढरी माती: लावायची कधी, खरवडायची कधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत कोरियन मातीकामावर सचित्र लेख आला. मराठी वर्तमानपत्रांत कोरियाचे नाव निघते ते मालिका, गाणी आणि किमचीच्या निमित्ताने. तिथल्या भांड्यांना पान मिळाले हे चांगलेच झाले. पण त्यातली दोन विधाने तशीच राहू देणे बरे नाही. पहिले असे, की बुनचॉंग भांडी कुंभारांनी सहज, बेफिकिरीने केलेली आहेत. दुसरे म्हणजे चौकटीत दिलेली कृती: भाजलेला वाडगा घ्या, त्यावर पांढरी माती फासा, वाळली की खिळ्याने नक्षी कोरा. हे करून पाहणाऱ्याच्या हाती बहुधा पोपडे सुटलेला वाडगा येईल आणि खापर फुटेल मातीच्या नावाने.

आधी वस्तू काय आहे ते. थोडे लोह असलेल्या राखाडी मातीचे भांडे, त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ थर, त्या थरात किंवा थरावर नक्षी, आणि सगळ्यावर किंचित हिरवट-निळसर झाक असलेले पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप. भाजणी १२०० ते १२५० अंश सेल्सिअसच्या घरात, कमी हवेच्या ज्योतीत. म्हणजे हे स्टोनवेअर, चढ्या आचेवर भाजून दगडासारखे घट्ट झालेले मातीकाम. लेखात एके ठिकाणी ‘चिनी मातीची भांडी’ असे पडले आहे, ते चूक. चिनी मातीचे भांडे अंगानेच पांढरे असते. बुनचॉंग फुटले तर आत राखाडी निघते. पांढरेपणा वरवरचा, बहुतेक ठिकाणी मिलिमीटरभरही जाड नसलेला.

ही भांडी घडली साधारण चौदाव्या शतकाच्या शेवटापासून सोळाव्या शतकाच्या शेवटापर्यंत. त्याआधी गोर्यो राजवटीत नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या कांगजिनसारख्या ठिकाणी सेलाडॉन होत असे: हिरवट ग्लेझखाली पांढऱ्या-काळ्या मातीची जडावाची नक्षी. किनाऱ्यावर जपानी चाच्यांच्या धाडी वाढल्या तसे कुंभार आतल्या मुलखात पांगले. १३९२ मध्ये जोसॉन राजवट आली. सेजोंग राजाच्या काळातल्या भूगोलाच्या नोंदींत, १४२४ ते १४३२ दरम्यानच्या पाहणीवरून, चांगल्या भाजणीच्या भांड्यांची १३९ आणि साध्या मातीकामाची १८५ ठिकाणे मोजलेली आहेत. भट्ट्या देशभर झाल्या आणि त्या त्या गावची माती, त्या त्या हाताची सवय भांड्यांत उतरली.

आता बेफिकिरीचे. सुरुवातीच्या काळात यातला बराच माल कर म्हणून सरकारी कचेऱ्यांना जायचा. भांडी गडप होत, परत जमा होत नसत. म्हणून १४१७ मध्ये, थेजोंग राजाच्या कारकिर्दीत, ज्या कचेरीची भांडी तिचे नाव त्यांवर घालायचे ठरले. आज संग्रहालयांत ‘जांगहुंगगो’ या कोठाराचे नाव नक्षीतच बसवलेले वाडगे दिसतात. काहींवर ग्यॉंगजूसारख्या गावाचेही नाव आहे. १४२१ मध्ये त्यापुढची पायरी आली. माल टिकाऊ निघत नाही म्हणून तळाशी कारागिराने आपले नाव लिहावे, असा हुकूम निघाला. मालाच्या बुडावर स्वतःचे नाव लिहावे लागणारा माणूस बेफिकीर राहणे अवघडच.

त्या काळचे ठशांचे काम, कोरियनमध्ये इन्ह्वा, जवळून पाहावे. करंगळीच्या टोकाएवढ्या शेवंतीचा शिक्का, भाजलेल्या मातीचा किंवा लाकडाचा, वाडग्याच्या आतबाहेर ओळीने शेकडो वेळा उमटवलेला असतो. वेळ कोणती? चाकावरून उतरवलेले भांडे इतके आवळलेले हवे, की नखाची खूण उमटेल पण बोटाला माती लागणार नाही. चामड्यासारख्या ताठर, अर्धवट सुकलेल्या मातीला आमच्याकडे स्टुडिओत सगळे ‘लेदर हार्ड’ म्हणतात, त्याच्या थोडे अलीकडची ही अवस्था. आतून डाव्या हाताच्या बोटांचा आधार देऊन शिक्का एक ते दीड मिलिमीटर आत जाऊ द्यायचा. माती जास्त ओली असेल तर शिक्क्याला चिकटून फुलाची पाकळी उपटून येते. जास्त सुकली असेल तर शिक्क्याभोवती केसासारख्या चिरा पडतात. त्या तेव्हा दिसत नाहीत, भाजल्यावर दिसतात. आणि खोली अर्ध्या मिलिमीटरवर राहिली तर पुढच्या खरवडण्यात फूलच निघून जाते.

ठसे झाले की पांढरी स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पांढरी माती, कुंचल्याने दोन-तीन हातांत भरायची. एका हातात काम होत नाही, कारण स्लिप सुकताना खळग्यात खाली बसते. मग थांबायचे. आणि मग पातळ पोलादी पत्तीने वरचा थर खरवडायचा, म्हणजे खळग्यात पांढरे आणि बाकी राखाडी उरते. कधी थांबणे पुरे झाले, हे पत्तीच सांगते: साल वळ्या होऊन निघाली तर वेळ बरोबर. पांढरे फराटे ओढले गेले तर थांबा, अजून ओले आहे. भुकटी उडायला लागली तर उशीर झाला. आता खळग्यातली पांढरी मातीही कपच्यांनी निघेल, आणि ती भुकटी नाकात जाणे फुप्फुसांना वाईट. सेऊलच्या राष्ट्रीय संग्रहालयात ढगांत ड्रॅगन असलेला मोठा बुनचॉंग रांजण आहे, कोरियाच्या राष्ट्रीय ठेव्यांपैकी. त्यावर ठसे आणि जडावकाम दोन्ही आहे. एवढ्या मोठ्या घेरावर ओलावा सगळीकडे सारखा ठेवून हे काम करणे किती जिकिरीचे, ते चाकावर बसलेल्याला सांगायला नको.

जडावाचे काम, सांगगाम, याच जातीचे: शिक्क्याऐवजी कोरणीने रेघ किंवा खोलगट भाग काढायचा, पांढरी किंवा लोहाची माती भरायची आणि खरवडायचे. लोहाची माती भाजल्यावर काळी होते.

लेखाचा रोख आहे तो दुसऱ्या प्रकारच्या भांड्यांवर, हे मान्य. १४६०च्या दशकाच्या अखेरीस राजधानीजवळच्या ग्यॉंगगी प्रांतातल्या क्वांगजू इथे पांढऱ्या पोर्सेलीनच्या, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या, सरकारी भट्ट्या सुरू झाल्या. दरबाराची मागणी तिकडे वळली. प्रांतोप्रांतीच्या बुनचॉंगवाल्यांना सरकारी गिऱ्हाईक राहिले नाही. त्यांनी स्थानिक बाजारासाठी झटपट होणारे काम धरले: शिक्के गेले, कुंचा आणि बुडवणी आली. ही भांडी मोकळी दिसतात, खरे आहे. पण मोकळी दिसणे आणि कशीही केलेली असणे यात फरक आहे.

कुंच्याचे काम, क्वियाल. भाताच्या पेंढ्याचा किंवा तसल्याच ताठ काडीचा घट्ट बांधलेला कुंचा, चाक हळू फिरते, स्लिपने भरलेला कुंचा एकदा टेकवून एक-दोन फेऱ्यांत उचलायचा. काडीकाडीच्या रेषा उमटतात, त्यांच्या मधून राखाडी अंग दिसते. बिघडते कुठे? उरलेली जागा ‘भरून काढण्याच्या’ मोहात. दुसऱ्यांदा कुंचा फिरवला की खालची ओली माती सुटून स्लिपमध्ये मिसळते आणि पांढऱ्याचा गढूळ रंग होतो. सुकल्यावर ते लक्षात येत नाही, भाजल्यावर येते. मऊ चित्रकलेचा ब्रश वापरला तर रेषाच येत नाहीत, चुना मारल्यासारखे दिसते. पेंढा आपल्याकडे कोकणात किंवा मावळात सहज मिळतो. विकतचा महाग जपानी ब्रश आणण्याची काही गरज नाही.

बुडवणीचे काम, डॉमबॉंग, दक्षिणेकडच्या गोहुंग भागात, उंदे-रीच्या भट्ट्यांवर विशेष झाले. तिथे २०१७ मध्ये बुनचॉंगचे संग्रहालयही उघडले. बुडाची कडी धरून भांडे उलटे स्लिपमध्ये बुडवायचे आणि काढायचे. बोटांची जागा व बूड उघडे राहते. दिसायला सर्वांत सोपे, आणि भांडी सर्वाधिक मरतात ती इथेच. लेदर हार्ड भांड्याची भिंत आतून आणि बाहेरून एकदम पाणी पिते. बुडवताना काही होत नाही. पाचेक मिनिटांनी कड वाकडी होते, पोट खाली बसते किंवा कडेपासून बुडाकडे चीर जाते. उपाय चार. भिंत ५ ते ६ मिलिमीटर ठेवा, चाकावर फार पातळ ओढू नका. आधी आतून स्लिप फिरवून ओता, भांडे पुन्हा आवळू द्या, मगच बाहेरून बुडवा. बुडवणी दोन-तीन सेकंदांची, त्याहून जास्त नाही. आणि स्लिपमधले पाणी कमी करा: कोरड्या मालाच्या वजनाच्या ०.२ ते ०.३ टक्के सोडियम सिलिकेट घातले की कमी पाण्यातही स्लिप वाहती राहते. जास्त झाले तर मात्र स्लिप तळाला दगडासारखी बसते.

स्लिप कशाची, हे चौकटीत नव्हतेच. जुन्या कुंभारांची पांढरी माती म्हणजे त्या त्या भागातली लोह कमी असलेली केओलिनची माती. आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या मालातून सुरुवातीला असे मिश्रण धरावे: चायना क्ले (म्हणजे केओलिन) ४० भाग, पांढरी भाजणारी बॉल क्ले (बारीक, चिकट माती) २५, फेल्डस्पार २०, क्वार्ट्झ १५. पाण्यात रात्रभर भिजवून ८० नंबरच्या चाळणीतून गाळावे. कुंच्याच्या कामाला ६० नंबरही चालते. दाटपणा वजनाने मोजावा: बुडवणीला लिटरभर स्लिप १४०० ते १४५० ग्रॅम भरावी, कुंच्याला १५००च्या आसपास. ‘दाट ताकासारखी’ हे माप शिकवताना सोपे पडते, पण प्रत्येकाचे ताक वेगळे.

आता चौकटीतल्या कृतीचा मुद्दा. ओले भांडे सुकताना आणि भाजताना मिळून साधारण १२ टक्के आकसते. लेदर हार्ड होईपर्यंत त्यातला काही भाग होऊन गेलेला असतो, तर स्लिप ताजी, पाण्याने भरलेली, तिचे सगळे आकसणे पुढे बाकी. दोघांचे उरलेले आकसणे जेवढे जुळेल तेवढा थर धरून राहतो. भांडे पूर्ण सुकलेले किंवा भाजलेले असेल तर स्लिप सुकताना ते जवळजवळ आकसतच नाही. वरची स्लिप एकटी आकसते, सुकलेल्या तळ्यासारखी तडकते आणि पोपडे धरते. भाजलेल्या भांड्यावर स्लिप लावताच येत नाही असे नाही. पण मग चायना क्लेतला अर्ध्याहून अधिक भाग आधी भाजून घेतलेला हवा, फेल्डस्पार वाढवायला हवे आणि थर अगदी पातळ हवा. तिच्यात खिळ्याने कोरायला गेलात तर कडा ठिसूळ तुटतात. ओल्या स्लिपमध्ये येते तशी गुळगुळीत रेघ येत नाही. उलट बाजूचा दोषही असतो: स्लिप भांड्याहून कमी आकसली तर दाबाखाली येते आणि कडेवरून, कानांवरून, जिथे वळण बाहेरचे आहे तिथून कपच्यांनी उडते. तडा गेला तर स्लिप जास्त आकसते आहे, बॉल क्ले कमी करा. कडेवरून उडाली तर कमी आकसते आहे, बॉल क्ले वाढवा. एवढे एक लक्षात ठेवले तरी निम्मे नुकसान वाचते.

कोरण्याचे दोन प्रकार आहेत. पांढऱ्या थरातून टोकाने रेघ ओढून राखाडी उघडे करायचे, ते जोह्वा. मासे, पाने अशी रेखाटने चपट्या बाटल्यांवर फार सुंदर आली आहेत. नक्षीची बाह्यरेषा ओढून भोवतालची पांढरी माती खरवडून काढायची, म्हणजे फूल पांढरे आणि जमीन राखाडी, ते बाकजी. सेऊलच्या त्याच संग्रहालयात कासवाच्या बेताची एक चपटी बाटली आहे. तिच्यावर बाकजीने पांढरी पिओनीची फुले सोडून खरवडलेल्या जमिनीवर लोहाचा काळा रंग दिला आहे. दोन्ही कामे स्लिपची चमक गेल्याबरोबर करायची. चमक असताना टोक ओढले तर रेघेच्या दोन्ही कडांना बांध उभे राहतात, आणि ते भाजल्यावर हाताला बोचतात.

लोहाच्या रंगाने चितारलेली भांडी, चॉलह्वा, मुख्यतः मध्य कोरियात कोंगजूजवळच्या ग्येर्योंगसान डोंगराच्या पायथ्याशी, हाकबोंग-री इथली. त्या भट्ट्यांचे उत्खनन १९२७ मध्ये झाले. आधी कुंच्याने पांढरे, त्यावर लोहयुक्त मातीच्या काळपट रंगाने मासे, कमळे, वेली. हात जलद दिसतो, कारण जलद असावाच लागतो: कोरडी होत आलेली स्लिप ब्रशमधले पाणी खेचते; हात थांबला तिथे डाग पडतो. निव्वळ आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून काढू नये, ते भुकटीसारखे वर राहते आणि ग्लेझ देताना पुसले जाते. निम्मे ऑक्साइड आणि निम्मी अंगाचीच माती एकत्र घोटली तर चिकटते. पातळ लागले तर ग्लेझखाली पिवळट होऊन विरते. फार जाड लागले तर ग्लेझ त्यावरून मागे सरते आणि फोड येतात.

ग्लेझला भांडी ८५० ते ९०० अंशांना एकदा भाजून घ्यावीत. जुने ग्लेझ लाकडाची राख आणि फेल्डस्पारयुक्त दगड यांचे. सुरुवातीला सर्वत्र वापरले जाणारे प्रमाण पुरते: फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग (खडूची पूड) २०, चायना क्ले १०. व्हायटिंगचा काही भाग धुतलेल्या, चाळलेल्या राखेने बदलला तर झाक अधिक जवळची येते. थर अर्ध्या मिलिमीटरहून फारसा जाड नको. जाड ग्लेझखाली पांढरे दुधाळ होते, कोरलेली रेघ बुजते आणि सगळी मेहनत धुक्यात जाते.

भट्टी गॅसची असेल तर ९५० अंशांपासून हवा कमी करावी आणि १२३०-१२४० पर्यंत तशीच मध्यम ठेवावी. फार आधी आणि फार धूर केला तर कार्बन मातीत अडकतो. अंग आतून काळे राहते, फुगते, पांढरेही काळवंडते. हवा मोकळी राहिली तर राखाडीऐवजी पिवळट-तपकिरी अंग येते. वीजभट्टीत तेच येणार. तिथे मातीतच थोडा काळा स्टेन (तयार रंगद्रव्य) मिसळून राखाडी आणणे बरे, फक्त त्याला जुन्या भांड्यांची खोली येत नाही.

एक सूचना आपल्याकडच्या वाचकांसाठी आवश्यक. गावच्या कुंभारवाड्यातली तांबडी माती यासाठी जशीच्या तशी वापरू नये. ती ११०० अंशांच्या पुढे फुगते, वितळते आणि भट्टीची फळी घेऊन जाते. तयार स्टोनवेअरची माती घ्यावी आणि लोहासाठी त्यात दहा टक्क्यांपर्यंत तांबडी माती चाळून मिसळावी. हवामानही धरून चालावे. एप्रिलमध्ये मराठवाड्यात कड तासाभरात पांढरी पडते आणि बूड ओलेच असते. कडेवर ओलसर फडके आणि वर प्लास्टिक टाकल्याशिवाय स्लिप लावूच नये. जुलैत कोकणात उलट: स्लिप दिवसभर चमकत राहते आणि कंटाळून लोक ओल्यातच खरवडतात.

छायाचित्राखाली ‘जपानी मिशिमा शैली’ असे छापले आहे, तेही दुरुस्त व्हावे. जपानी चहापंथीयांनी या कोरियन वाडग्यांना दिलेले ते नाव. १५९२ ते १५९८ च्या स्वारीत कोरियन कुंभार जपानला नेले गेले आणि तिथे पुढे त्याच पद्धती चालल्या. पण चित्रातला वाडगा खरोखर जोसॉनचा असेल तर तो कोरियन म्हणूनच छापायला हवा.

चौकट पुन्हा छापणार असाल तर तिच्यात एवढा बदल करावा: वाडग्याआधी त्याच मातीच्या सहा पट्ट्या करा, दोन नखाची खूण उमटेल अशा ओल्या, दोन ताठर, दोन पूर्ण सुकलेल्या. सगळ्यांना एकच स्लिप लावा, ग्लेझ द्या, एकत्र भाजा आणि मग पट्टीची कड नाण्याने ठोकून पाहा, कुठल्या पट्टीची स्लिप उडते ते.

आपले,
मातीकाम करणारे व शिकवणारे काही वाचक, पुणे